एका वाफेची दोन टेंडरं

त्या दोन साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही. दोघंही वारले त्याला आता खूप वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं माझी धाकटी सून मला सांगते. तिचं चुकत नाही. पण तिनं माझ्या वडिलांना पाहिलेलं नाही.

गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या सात-आठ वर्षांतली. आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायचो, आई, बाबा आणि मी. डोंबिवली तेव्हा गावच होतं. मागच्या दारातून भाताची शेतं दिसायची आणि पावसाळ्यात बेडूक घरात यायचे. बाबा मूळचे राजापूरकडचे. पोरवयात मुंबईला आले आणि एका गिरणीत बॉयलरच्या तोंडाशी कोळसा टाकायला लागले. शाळा चौथीपर्यंत. पण पुढे कुणाकुणाच्या हातापाया पडून यंत्रांची इंग्रजी नावं शिकले, दाबाचे आकडे शिकले, आणि बॉयलर चालवायची पहिल्या वर्गाची परीक्षा पास झाले. ते सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये देव्हाऱ्याच्या वर टांगलेलं होतं. बॉयलरवरच्या मुख्य माणसाला तेव्हा सारंग म्हणायचे. कारखान्यात, बाजारात, सगळीकडे बाबांना सारंगच म्हणत.

लढाई संपल्यावर लष्करानं कल्याणच्या आसपास कितीतरी बराकी आणि शेड सोडून दिल्या. बऱ्याच ठिकाणी निर्वासित आले. आंबिवलीच्या अलीकडे, नदीकाठच्या दोन मोठ्या शेडमध्ये सरकारनं सूत रंगवायचा कारखाना काढला. हातमागवाल्यांना पक्क्या रंगाचं सूत मिळावं म्हणून. कामाला जवळच्या गावांतल्या आगरी बाया आणि कॅम्पातले सिंधी पुरुष. सरकारी नोकरी म्हणून बाबांनी गिरणी सोडली आणि तिथे सारंग झाले.

सूत रंगवायला दोन गोष्टी लागतात. टाक्या उकळत्या ठेवायला वाफ, आणि टाक्यांतलं सूत सतत फिरवायला, पाणी चढवायला वीज. वाफेसाठी लष्करानंच टाकून दिलेला एक म्हातारा बॉयलर होता. वीज बाहेरून यायची, म्हणजे बऱ्याचदा यायचीच नाही. उकळत्या रंगात सूत असताना वीज गेली की ते जागच्या जागी थांबायचं, आणि अर्धी लड गडद, अर्धी फिकी निघायची. मग हातमागवाले मॅनेजरवर ओरडायचे, मॅनेजर बाबांवर ओरडायचे, आणि ज्यांची वाफ कधी एकदाही कमी पडली नव्हती ते बाबा घरी येऊन आईवर ओरडायचे.

एकदा मुंबईहून एक तरुण इंजिनियर पाहणीला आला. आल्या आल्या तो मॅनेजरच्या खोलीत न बसता बॉयलरपाशी गेला आणि दोन दिवस बाबांशी बोलला. बाबांनी त्याला सांगितलं ते साधं होतं. जास्त दाबाचा एक नवा बॉयलर घ्या. वाफ आधी टर्बाइनमधून जाऊ दे, तिथे कारखान्यापुरती वीज होईल. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली वाफही गरमच असते, तीच टाक्यांना द्या. कोळसा एकदाच जळेल, कामं दोन होतील. इंजिनियरनं तसाच अहवाल लिहिला आणि वरून मंजुरी आली.

त्या दिवशी बाबांनी आईला विचारलं, "तुझ्या चुलीला तो वैल कशाला केलाय गो?"

"कशाला म्हणजे? आमटी गरम राहते त्यावर."

"त्याला वेगळं लाकूड घालतेस?"

"वेगळं कशाला? चुलीचाच जाळ जातो ना मागनं."

"झालं तर. हेच आता सरकारनं मंजूर केलंय," बाबा म्हणाले आणि हसले. बाबा हसले की त्यांचे दात फार पांढरे दिसायचे, कारण बाकी चेहऱ्यावर कोळसा बसलेला असायचा, अंघोळीनंही न जाणारा.

माझी नोकरी ठाण्याला होती. तलावपाळीच्या मागे, भाड्याच्या एका जुन्या बंगल्यात सरकारी खरेदीची कचेरी होती. सरकारी कारखान्यांना, दवाखान्यांना लागणारी यंत्रं तिथून घेतली जात. काय हवं आहे ते बारीकसारीक लिहायचं, पेपरात टेंडर काढायचं, कंपन्यांचे लाखबंद लखोटे आले की सगळ्यांसमोर उघडायचे, ताडून पाहायचे आणि ठरवायचं. मी तिथे टायपिस्ट, तीही तात्पुरती. अख्ख्या कचेरीत बाई मी एकटी. माठावर पाणी प्यायला उठले तरी चार माना वळायच्या.

आमच्या कारखान्याच्या त्या नव्या यंत्राची फाइल योगायोगानं माझ्याच टेबलावर आली. चाळीसेक पानं मी टाइप केली. सगळं इंग्रजी होतं, पण मधेमधे बाबांचं बोलणं मला ओळखू यायचं. मी त्या दिवशी एकही चूक केली नाही. घरी सांगायला बंदी होती म्हणून सांगितलं नाही, पण जेवताना मला हसू फुटत होतं आणि आईनं विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून.

आता ते दोन साहेब. एक यंत्रांचे साहेब, दुसरे विजेचे साहेब. यंत्रांचे साहेब पुण्याचे, किडकिडीत, हळू बोलणारे; त्यांचा राग फक्त शाईत दिसायचा. विजेचे साहेब दणदणीत आवाजाचे. पान खायचे आणि शिपायाला हाक मारायचे तर तलावापर्यंत ऐकू जायची. कुठल्या तरी जुन्या बढतीवरून दोघांचं फाटलं होतं. दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती, भिंतीत दार होतं, आणि त्या दाराला दोन्हीकडून कपाट लावलेलं होतं. एकाला दुसऱ्याला काही कळवायचं असलं की चिठ्ठी खाली आवक-जावककडे जायची, तिथे नंबर पडायचा, आणि मग ती जिना चढून शेजारच्या खोलीत पोचायची. लोक हसायचे. मीही हसायचे, आधी.

आमच्या फाइलवरून दोघांची जुंपली. विजेच्या साहेबांनी लिहिलं की वीज निर्माण करणारं यंत्र असल्यामुळे ही खरेदी त्यांच्या शाखेची. यंत्रांच्या साहेबांनी लिहिलं की बॉयलर हा यंत्रशाखेचा विषय आहे आणि टर्बाइन त्याला जोडलेलं आहे, तेव्हा ते मागोमाग आलं. त्यावर विजेच्या साहेबांनी लिहिलं की जोडलेलं कोण कुणाला, हाच प्रश्न आहे. असं किती दिवस चाललं म्हणून सांगू. त्या दोघांचं सगळं भांडण मी टाइप केलं, तीन-तीन कार्बन घालून.

शेवटी त्यांचं जमलं. जमलं ते असं, की योजनाच दोघांनी वाटून घेतली. विजेच्या शाखेनं वीज तयार करायचा संच घ्यायचा. त्याला त्याचा स्वतंत्र बॉयलर, आणि वापरून झालेली वाफ थंड करून पाणी नदीत सोडायचं. यंत्रशाखेनं टाक्यांसाठी वाफेचा वेगळा बॉयलर घ्यायचा. दोन टेंडरं. कारण म्हणून फाइलवर लिहिलं, 'प्रशासकीय सोयीसाठी'. इंग्रजीत ते दोन शब्द होते. माझ्या बोटांनी ते उमटवले आणि मी थांबले.

यंत्रांच्या साहेबांच्या खोलीत जाऊन मी उभी राहिले. "साहेब, एक विचारू?"

त्यांनी मान वर केली नाही. "विचारा."

"यात वाफ एकच होती. तिच्यावर आधी वीज आणि मग टाक्या, असं होतं. आता ती गरम वाफ नदीत जाईल आणि टाक्यांसाठी पुन्हा वेगळा कोळसा जाळावा लागेल."

आता त्यांनी मान वर केली. "बाई, तुम्हाला वाफेतलं काय कळतं?"

"माझे वडील तिथे सारंग आहेत."

"अस्सं," ते म्हणाले. फार शांतपणे म्हणाले. "म्हणजे तुमचे वडील बॉयलर चालवतात. आम्ही तो विकत घेतो. आणि तुम्ही टाइप करता. प्रत्येकानं आपापलं करावं. दुपारपर्यंत दोन्ही प्रती हव्यात."

दुपारपर्यंत मी दोन्ही प्रती दिल्या.

पेपरात दोन वेगवेगळी टेंडरं छापून आली तो रविवार होता. बाबा ओट्यावर बसून पेपर वाचत होते. इंग्रजी पेपर ते त्याच पानासाठी घ्यायचे. बोट ठेवून, शब्द शब्द लावत वाचायचे. वाचून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"हे दोन कसे झाले?"

मी त्यांच्या बोटाखालचं पान बघितलं.

"तू टाइप केलंस?"

"हो."

"वाचलं नाहीस?"

"वाचलं."

"मग?"

"साहेबांना बोलले मी. ते म्हणाले, तुम्ही टाइप करा."

"आणि तू केलंस," बाबा म्हणाले. त्यांनी पेपराची घडी केली. दिवसभरात मग ते एवढंच बोलले, आणि तेही आईशी: "हिला शिकवली कशाला आपण?"

दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, आपण मुंबईला सचिवांकडे अर्ज करू. बाबांनी मराठीत सांगायचं आणि मी इंग्रजीत लिहायचं. दोन संध्याकाळी आम्ही बसलो. त्या दोन संध्याकाळी मी बाबांकडून जेवढं शिकले तेवढं कुठल्या शाळेत शिकले नाही. वाफ टर्बाइनमधून गेल्यावर तिच्यात किती ऊब उरते, टाकीला किती लागते, नुसती थंड करून सोडली तर किती वाया जाते, सगळं त्यांच्या तोंडात होतं. वही नाही, पुस्तक नाही. मी ज्या क्लासात टायपिंग शिकले होते तिथल्या मास्तरांच्या मशिनवर अर्ज टाइप केला. कचेरीच्या मशिनला, कचेरीच्या कागदाला हात लावला नाही. बाबांनी खाली सही केली. सहीच्या पुढे, कंसात, पहिल्या वर्गाचे सर्टिफिकेटधारक असं लिहायला लावलं.

अर्ज मुंबईला गेला आणि तिथून परत खाली आला. अभिप्रायासाठी. कुणाच्या? ज्यांच्याविरुद्ध तो केला होता त्यांच्या. मला हे माहीत असायला हवं होतं, कारण असे अर्ज मी रोज बघत होते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या दोघांना एका खोलीत पाहिलं. शेजारी शेजारी खुर्च्यांवर, मध्ये आमचा अर्ज. विजेच्या साहेबांनी पानदान बाजूला सारून अर्जावर बोट ठेवलं.

"हे शब्द कुठून आले? 'प्रशासकीय सोयीसाठी'?"

मी अर्जात लिहिलं होतं की या बदलाला तांत्रिक कारण एकही नाही, तो केवळ प्रशासकीय सोयीसाठी केला आहे. लिहिताना मला वाटलं होतं की ते माझेच शब्द आहेत. इतक्या वेळा टाइप केलं की दुसऱ्याचं वाक्य आपलं वाटायला लागतं. टेंडरात ते शब्द नव्हते. ते फक्त फाइलच्या आतल्या पानावर होते.

"फाइलवरून," मी म्हणाले.

"गोपनीय फाइल बाहेर फोडलीत," विजेचे साहेब ओरडले. "सारंगाला असलं इंग्रजी येतं काय? त्यानं तुमच्याकडून माहिती काढून घेतली. नोकरी जाईल त्याची. पोलिसात देऊ."

यंत्रांचे साहेब हळूच म्हणाले, "असं नको. बाई तरुण आहेत. बाई, तुमच्या वडिलांची नोकरी वाचवायची असेल तर एक मार्ग आहे. तुम्ही लिहून द्या की अर्ज तुमचा आहे. वडिलांना इंग्रजी येत नाही, अर्जातल्या तांत्रिक मजकुराची त्यांना कल्पना नव्हती, तुम्ही सांगितलंत तिथे त्यांनी सही केली. म्हणजे दोष त्यांच्याकडे जात नाही. तुमची नोकरी तात्पुरतीच आहे, तिचं काय ते बघू. उद्या दुपारपर्यंत विचार करा."

मला ते खरंच दयाळू वाटले. इतकी मी बावळट होते.

संध्याकाळी घरी बाबा समोर बसून भात कालवत होते. त्यांनी विचारलं, "अर्जाचं काही कळलं?" मी म्हणाले, "नाही." मी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी नोकरी सोडली असती, पण तो कागद मला लिहू दिला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कागद लिहून दिला. यंत्रांच्या साहेबांनी मजकूर सांगितला, मी उभ्यानं टाइप केला, सही केली. पंधरा दिवसांत मला कामावरून कमी केलं.

आणि अर्जाचं काय झालं? त्यावर शेरा पडला की अर्जदारास विषयाचं ज्ञान नाही, तसं त्याच्या मुलीनंच लेखी दिलं आहे. सबब अर्ज दफ्तरी दाखल, म्हणजे कायमचा बंद. माझ्याच कागदाचा त्यांनी असा उपयोग केला. नुसता केला असता तर एक वेळ चाललं असतं. तो शेरा आणि माझ्या कागदाची नक्कल त्यांनी कारखान्यात पाठवली, आणि मॅनेजरनं बाबांना शेडमध्ये बोलावून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली, मराठी अर्थ सांगत.

बाबा त्या दिवशी दुपारीच घरी आले. चपला न काढता आत गेले, देव्हाऱ्यावरची फ्रेम उतरवली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"वाच."

"बाबा, मी तुमची नोकरी—"

"मोठ्यानं वाच."

मी वाचलं. अमुक दाबापर्यंतच्या कोणत्याही बॉयलरचा संपूर्ण ताबा घेण्यास हा इसम लायक आहे, अशा अर्थाचं होतं ते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुरे झालं हो." बाबांनी फ्रेम माझ्याकडून घेतली आणि ट्रंकेत, कपड्यांच्या खाली ठेवली. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ ते माझ्याशी बोलले नाहीत. एका घरात, दोन खोल्यांत. "तिला सांग दार लाव," असं आईला सांगायचे, मी समोर उभी असताना. मलाही राग होता. मी त्यांच्यासाठी नोकरी गमावली होती, आणि त्यांना कागदाचं दुःख जास्त होतं. मीही हट्टानं आईमार्फतच बोलायला लागले. ते दोन साहेब आवक-जावकमधून बोलायचे त्याला मी हसले होते, ते सुख फार टिकलं नाही.

मी टायपिंगच्या क्लासात शिकवायला लागले. यथावकाश म्हातारा बॉयलर निघाला आणि नवी यंत्रं आली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, दोन वेगवेगळ्या महिन्यांत. नदीकाठी दोन धुराडी उभी राहिली. समारंभ झाला, दोन्ही साहेब आले, वेगवेगळ्या गाड्यांतून. आणि मग कळलं की कोळशाचा परवाना एकाच बॉयलरपुरता आहे. तेव्हा कोळशाला परवाना लागायचा आणि तो मूळ योजनेप्रमाणे मंजूर झालेला होता. योजना फाडली दोघांनी, परवाना कुणी बदललाच नाही. आता वीज केली तर टाक्या थंड, टाक्या उकळल्या तर वीज नाही. कारखाना आळीपाळीनं अर्धा मेलेला असायचा. बाया रोजावर होत्या. काम नसलं की त्यांना परत पाठवायचे. वरून तो वाया जाणाऱ्या वाफेचा गरम पाट नदीत जायचा. काठावरच्या गावातल्या बाया तिथे मासे धरायच्या. ती जागा गेली. त्यातली एक थोराड बाई, कारखान्यातच कामाला होती, ती बाबांच्या तोंडावर म्हणाली, "सारंगदादा, आमचे नदीला रांधताव काय?" बाबांना तिचा राग आला नाही. घरी येऊन ते आईला म्हणाले, "बरोबर बोलली ती." मी आतल्या खोलीत होते. मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं बोलले, एवढं मात्र खरं.

असा पाऊणेक वर्ष प्रकार चालल्यावर एका संध्याकाळी बाबा माझ्या समोर येऊन बसले.

"उद्या क्लासाला सुटी घे," ते म्हणाले. "कारखान्यावर ये माझ्याबरोबर."

मी "बरं" म्हणाले.

त्यांनी केलं होतं ते असं. शेडच्या मागे लष्कराचे जुने पाइप गंजत पडले होते. वीज करणाऱ्या संचातून बाहेर पडणारी वाफ थंड करून सोडण्याऐवजी, त्या पाइपांतून त्यांनी ती सरळ टाक्यांकडे वळवली होती. मॅनेजर पाहून न पाहिल्यासारखा राहिला. त्याच्यावरही वरून ओरडा होताच. वीज थोडी कमी झाली, तेवढी चालण्यासारखी होती. आणि टाक्या उकळत होत्या. दोन्ही एकदम. मी गेले तेव्हा सूत निळ्या रंगात फिरत होतं, बाया लडी उचलून दांड्यांवर टाकत होत्या, आणि दुसरा बॉयलर, साहेबांनी मागवलेला, थंड उभा होता. बाबांनी मला त्या जोडलेल्या पाइपापाशी नेलं. ठिगळं लावलेला, कुरूप पाइप होता, गोणपाटात गुंडाळलेला.

"हात नको लावू, भाजेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू मला वाचवायला लिहून दिलंस ते मला ठाऊक आहे."

"मग एवढे दिवस बोलला का नाहीत?"

"विचारायला हवं होतंस मला."

"वेळ नव्हता बाबा."

"एक अख्खी संध्याकाळ होती. समोर जेवत होतो मी. मी विचारलं, कळलं का काही, तर नाही म्हणालीस."

त्यांना हे कुठून कळलं होतं मला माहीत नाही. बहुतेक कागदावरच्या तारखेवरून. मी माफी मागितली नाही. तेही थांबले नाहीत त्यासाठी. त्यांना दाबाचा काटा बघायचा होता.

तो पाइप महिनाभरही टिकला नाही. बातमी ठाण्याला पोचली आणि दोन्ही साहेब आले, या खेपेला एकाच गाडीतून. मी तिथे नव्हते; त्या थोराड बाईनं नंतर मला बाजारात सांगितलं. यंत्रांच्या साहेबांनी नकाशा पसरला आणि विचारलं, हा पाइप यात कुठे आहे. बाबा म्हणाले, नकाशात नाही, पण टाकीत बघा. त्यांनी टाकीत बघितलं नाही. मंजूर नकाशात नसलेला पाइप धोक्याचा आहे, तो ताबडतोब काढा, असा हुकूम झाला. बाबा म्हणाले, धोक्याचा असेल तर परीक्षा करा, दाब देऊन बघा. विजेचे साहेब ओरडले, "तू आम्हाला शिकवणार?" बाबांनी स्वतःच करवतीनं तो पाइप कापला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. साहेब ते संपेपर्यंत उभे राहिले. हे मला सगळ्यात जास्त लागलं. काम सांगून निघून जायचं तरी. नाही. दोघं शेजारी शेजारी उभे राहून बघत होते.

बाबांना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी मुदतीच्या आधीच निवृत्ती मागितली आणि ती लगेच मंजूर झाली. तेवढ्या एका कागदाला कुणी अभिप्राय मागितला नाही. पुढे दोन-तीन वर्षांत सरकारनं कारखाना बंद केला. तोट्यात चालतो म्हणून. दोन्ही साहेबांना बढत्या मिळाल्या होत्या.

पन्नासचं दशक सरत आलं तेव्हा मी डोंबिवलीत स्वतःचा टायपिंगचा क्लास काढला होता. लग्न झालं होतं, नवरा रेल्वेत होता, आईबाबा आमच्याकडेच राहायचे. एके दिवशी एक गृहस्थ मुलीला घेऊन क्लासात आले. आवाजावरून मी ओळखलं. पान अजून खात होते. त्यांनी मला ओळखलं नाही, कशाला ओळखतील? मी फॉर्म पुढे केला, मुलीचं नाव लिहून घेतलं, आणि मग म्हणाले, "साहेब, मी तुमच्या कचेरीत होते. सारंगाची मुलगी."

त्यांना आठवायला वेळ लागला. आठवल्यावर ते हसले. "अरे हो, हो! ते बॉयलरचं. काय दिवस होते. बाई, त्यात वैयक्तिक काही नव्हतं हं."

"माझ्या बाजूनं होतं," मी म्हणाले. "अजून आहे."

ते खुर्चीतून अर्धवट उठले. मुलगी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. लांब वेण्यांची, घाबरलेली मुलगी. मी तिला म्हणाले, "सोमवारपासून ये. बोटं न बघता चालली पाहिजेत." ती आली, शिकली, चांगली शिकली. तिच्याशी माझं वैर नव्हतं. तिच्या वडिलांना मात्र मी परत क्लासाच्या पायरीवर पाहिलं तेव्हा खुर्ची दिली नाही. वर्ष संपेपर्यंत ते बाहेरच उभे राहायचे.

पहिल्या दिवशी घरी जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. मी कसं तोंडावर बोलले, ते कसे अर्धवट उठले, सगळं रंगवून सांगितलं. बाबांना तोवर नीट दिसेनासं झालं होतं. भिंतीला टेकून ऐकत होते.

"ते दोन बॉयलर कुठे गेले विचारलंस?" ते म्हणाले.

"नाही."

"भंगारात काढले का दुसऱ्या कारखान्याला दिले?"

"बाबा, मी ते नाही विचारलं."

"मग विचारलंस काय इतका वेळ?" ते चिडून म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.